पायाशी ऊब

१

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या होत्या. एक माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. दुसरी आमची गाडी, वय तेवीस. पहिलीला मी आई म्हणायचे आणि दुसरीला म्हातारी. त्यामुळे "म्हातारी आज फार कुरकुर करतेय" असं मी स्वयंपाकघरातून ओरडले की आतल्या खोलीतून उत्तर यायचं, "मी केव्हाची तयार होऊन बसलेय, कुरकुर तुझीच चाललीय."

गाडीचं सगळं मीच बघायचे. नवऱ्याला स्क्रू कुठल्या बाजूला पिळला की सुटतो, हे दर वेळी सांगावं लागतं. माझं काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मी दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे ओतते, घासते, मेण लावते. केसाएवढा फरक बोटाला कळणाऱ्या बाईला ब्रेक बदलणं काही अवघड नाही. चार गल्ल्या पलीकडच्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी धंदा बंद केला तेव्हा त्यांची हत्यारं मी घेतली. त्यांचा फोन नंबर हत्यारांबरोबरच आला.

एक सांगून ठेवते. मला किळस येत नसे. वीस वर्षं लोकांची लाळ लागलेली दातांची मापं धुतल्यावर किळस कशाची यायची? तिथेच बसून मी डबाही खायचे.

आईंना साखरेचा आजार. नऊ वर्षांपासून दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर. उजव्या पायाच्या करंगळीला जखम झाली होती, म्हणून सोमवार, बुधवार, शनिवार सकाळी त्यांना ड्रेसिंगला न्यायचं. अर्ध्या तासाचा रस्ता. त्या पुढे माझ्या शेजारी बसायच्या, पाय लांब करून.

त्या बुधवारी इस्पितळाच्या दारात त्यांना उतरवताना माझ्या हाताला पट्टी ओली लागली.

"आई, पाय कुठे बुडवला होतात?"

"मी कुठे बुडवतेय? घरातून उचलून गाडीत बसवलंस तूच."

मी वाकून पाहिलं. त्यांच्या पायाखालचं कार्पेट चिंब होतं. पाऊस पडून दोन महिने झाले होते.

परत येताना त्या म्हणाल्या, "गाडीत पायाला बरं वाटतं गं. ऊब लागते."

"हिटर बंद आहे, आई."

"असेल. पण लागते."

ज्या पायांना नऊ वर्षांत गरम-गार कळलं नव्हतं, त्यांना ऊब कळली. मला केवढा आनंद झाला. वाटलं, नसा जाग्या होताहेत. शनिवारी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना मी हौसेने सांगितलं. त्यांनी पट्टी सोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. बोटांची कातडी पांढरीफटक पडली होती, सुरकुतलेली, दिवसभर कपडे धुतल्यासारखी.

"पाय कोरडे ठेवा म्हटलं होतं ना?" सिस्टर म्हणाल्या. "हे काय करून ठेवलंय?"

२

रविवारी सकाळी मी शेडमध्ये कामाला लागले. आमची शेड म्हणजे घराच्या भिंतीला टेकवलेले चार खांब आणि पत्रे. मधला एक पत्रा हिरव्या प्लास्टिकचा, त्यामुळे आत पाण्याखाली असल्यासारखा उजेड पडतो. भिंतीवर हत्यारं, कोपऱ्यात लाकडी स्टूल.

पुढची सीट काढली, कार्पेट उचललं. खालचा फोम पिळला तर बादलीत तांब्याभर पाणी पडलं. पाणी म्हणायचं आपलं. ते धारेने पडलं नाही, ओघळलं.

मिस्त्रींनी शिकवलेली पद्धत सोपी होती. संशयितांची यादी करायची आणि एकेकाला सोडून द्यायचं. काचेच्या रबरातून पाणी येत असेल म्हणून पाऊण तास काचेवर पाइप धरला. आत थेंब नाही. एसी तर चार वर्षांपूर्वीच गेला होता, त्याच्या नळीत तार घातली, कोळ्याचं जाळं निघालं. उरला हिटरचा छोटा रेडिएटर, डॅशबोर्डच्या आत, नेमका आईंच्या पायांच्या वर. तो फुटला तर हिरवं, गोडसर वासाचं पाणी गळतं. बॉनेटखालच्या टाकीवर मी चिकटपट्टीने खूण केली. आठवडाभर पाणी तिथल्या तिथे.

मग पावडर. गळती सापडत नसेल तर सगळीकडे टाल्कम पावडर मारायची, ओघळ आपोआप उमटतो. सोमवारच्या फेरीनंतर संध्याकाळी पाहिलं, तर पायाकडे गरम हवा सोडणारं जे तोंड डॅशबोर्डखाली असतं, त्याच्या खालच्या काठापासून एक ओघळ निघाला होता. काठावर थेंब लोंबत होता. पडत नव्हता. मी हातमोजा घालून तो दोन बोटांत धरला आणि बोटं लांब केली.

तार आली. वीतभर लांब, न तुटणारी.

हे मी रोज पाहते. माप तोंडातून काढलं की त्याला अशीच तार येते. मी स्टुलावर बसून स्वतःला समजावलं: जुनं इंजिन, जुनी रबरं, कुठलं तरी तेल पाण्यात मिसळून बुळबुळीत झालं असेल. वास मात्र तेलाचा नव्हता. आठवडाभर न धुतलेली कवळी डब्यातून काढल्यावर येतो, तो वास. आणि थेंब कोमट होता. गाडी सकाळपासून उभी असताना.

आणखी एक गोष्ट मी वहीत लिहून ठेवली, कारण ती मला पटत नव्हती. गाडी नुसती उभी असली की ती जागा कोरडी. मी एकटी कामाला घेऊन गेले तरी कोरडी. आई बसल्या की ओली.

"तुझ्या म्हातारीला आमची आई बघून तोंडाला पाणी सुटतं," नवरा हसत म्हणाला.

मीही हसले. मग मला जेवण गेलं नाही.

३

मिस्त्री दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार वाजता आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण शेडमध्ये शिरताच पाठ ताठ झाली. आल्या आल्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "काय म्हातारे, बाईंना छळतेस होय?"

आई त्या दिवशी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, गंमत बघायला.

"पाणी खालून वर जात नाही, ताई," मिस्त्री म्हणाले. "वरचं काही तरी फुटलंय. बघू."

ते पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली सरकले. मी टॉर्च धरला. त्यांनी त्या तोंडाच्या काठावरून बोट फिरवलं आणि सवयीने, मी काही म्हणायच्या आत, जिभेला लावलं. जुने मिस्त्री असंच करतात. गोड लागलं तर रेडिएटर, कडू लागलं तर ब्रेकचं तेल.



ते सरपटत बाहेर आले आणि दारापर्यंत जाऊन थुंकले. पुन्हा थुंकले. बोट पँटला पुसलं, मग पायजम्यासारखी ती सैल पँट मुठीत धरून पुसलं, मग भिंतीच्या विटांवर घासलं, कातडी निघेल इतकं.

"काय आहे?" मी विचारलं.

"गाडीचं नाही."

"म्हणजे?"

"ताई, पन्नास वर्षं गाड्यांचं काय काय तोंडात घेतलंय मी. हे गाडीचं नाही." त्यांनी आईंच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजींना मागे बसवा."

चहा ठेवला होता, तो न घेता ते गेले. नंतर दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा त्यांच्या सुनेने उचलला. म्हणाली, त्यांचं तोंड आलंय, काही खात नाहीत, सारखे चुळा भरताहेत.

४

ज्या कोपऱ्यात नजर पोचत नाही, तिथलं माप घ्यायचं. माझा धंदाच तो.

डॅशबोर्डखालचं ते तोंड हाताच्या पंजाएवढं रुंद, पण आत गेल्यावर लगेच वर वळतं. पलीकडे काय तडकलंय ते दिसत नव्हतं. मी दवाखान्यातून माप घ्यायची पुट्टी आणली. दोन रंगांचे गोळे एकत्र मळले की चार मिनिटांत रबरासारखी घट्ट होते आणि जिथे दाबाल तिथली रेघ न् रेघ उचलते. चांगला मोठा गोळा केला, आत सारला आणि तळव्याने दाबून धरला.

मनात सेकंद मोजत होते. दीड मिनिट झालं असेल, तोच गोळ्याने माझ्या तळव्याला उलट रेटा दिला.

पुट्टी फुगते, मी स्वतःला सांगितलं. पुट्टी फुगत नाही. वीस वर्षांत एकदाही फुगलेली नाही. तरी मी हात काढला नाही. आतून कोणी तरी गोळा हलकेच दाबत होतं आणि सोडत होतं. दाबत होतं, सोडत होतं.

घट्ट झालेलं माप मी न बघता फडक्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या जागी त्यात प्लास्टर ओतलं. साचा सुटून आला तेव्हा मी तो पालथा करून टेबलावर ठेवला आणि इतर कामं उरकत राहिले. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई चष्मा शोधत आत आल्या. त्यांनी तो सहज उचलला.

"हे कुठलं गं? शिकवायला मोठं करून बनवलंय का?"

"हो," मी म्हणाले.

"छान उतरलंय. टाळूच्या वळ्या बघ किती स्वच्छ आल्यात." त्या साचा उजेडात फिरवत होत्या. "बाळाचं आहे ना? हिरड्या अजून मोकळ्या आहेत. पण हे खालचे पटाशीचे दोन बघ, अगदी वर आलेत. आठ-दहा दिवसांत फुटतील."

मी हातातली कवळी घासत राहिले.

"बिचाऱ्याची लाळ गळत असेल नुसती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि जे मिळेल ते चावायला बघत असेल."

त्या चष्मा घेऊन गेल्या. साचा माझ्या ओंजळीत मावत नव्हता. मी तो कपाटात मेणाच्या डब्यांमागे ठेवला, मोरीत जाऊन उभी राहिले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं.

वीस वर्षांत पहिल्यांदा.

५

आईंना मी मागे बसवायला लागले. त्या रुसल्या.

"मागे पाय गार पडतात."

"तुम्हाला गार-गरम कळतच नाही, आई."

"पुढे कळतं. तुला काय, तुझे पाय जागे आहेत. मला नऊ वर्षांनी कोणी तरी पायाला हात लावल्यासारखं वाटत होतं."

काय सांगणार होते मी त्यांना? नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्या शांतपणावरूनच मला कळलं, त्याला पटलेलं नाही. "तू थकली आहेस," तो म्हणाला. "गाडी कुठल्या तरी चांगल्या गॅरेजला टाकूया." मी हो म्हणाले. गॅरेजवाल्याने पुढच्या सोमवारची वेळ दिली.

तोवर गाडी उभीच होती. गुरुवारी मी तीन वाजताच घरी आले. आईंच्या खोलीत पलंग रिकामा, चालायचा वॉकर जागेवर नाही. मी हाक मारली. मोरी पाहिली, मागचं अंगण पाहिलं. मग शेडचं दार अर्धं उघडं दिसलं.

आत तो हिरवा उजेड होता. वॉकर गाडीच्या दाराशी उभा. आणि आवाज येत होता, मंद, एका लयीत. चुप्. चुप्. चुप्. तान्हं मूल दूध पिऊन झाल्यावरही झोपेत नुसतंच चोखत राहतं, तसा.

आई पुढच्या सीटवर मागे रेलून झोपल्या होत्या. कवळी काढून मांडीवर रुमालात ठेवली होती. त्यांचा चेहरा इतका निवांत मी लग्नानंतर कधीच पाहिला नव्हता. बोळकं तोंड किंचित उघडं, ओठ त्या आवाजाच्या तालात हलत होते.

त्यांचा उजवा पाय पुढे पसरलेला होता, घोट्यापर्यंत डॅशबोर्डखाली गेलेला. घोट्यावरून जाड, फेसाळ ओघळ उतरून कार्पेटवर साचला होता. पट्टी दिसत नव्हती.

"आई!"

त्यांनी डोळे उघडले. "थांब गं जरा," झोपेतच म्हणाल्या. "बरं वाटतंय."

मी त्यांची पोटरी दोन्ही हातांनी धरून ओढली. पाय आला नाही. पुन्हा ओढली. आतून कोणी तरी धरून ठेवलं होतं, रागाने नाही, हट्टाने. मग मी सीटला पाय लावून ओढलं तेव्हा तो सुटला. घट्ट बसलेली कवळी टाळूपासून सुटते तेव्हा होतो, तोच ओला आवाज झाला.

करंगळीच्या जागी जे होतं त्याकडे आईंनी पाहिलं आणि नवल वाटल्यासारखं म्हणाल्या, "दुखत नाहीये गं. अजिबात दुखत नाहीये."

६

"उंदीर," सर्जन म्हणाले. "बधिर पायांना उंदीर कुरतडतात, रुग्णाला पत्ताही लागत नाही. आम्ही वर्षाला दोन-तीन तरी बघतो."

करंगळीचं उरलेलं टोक काढावं लागलं. शेजारचं बोट वाचेल की नाही ते पंधरा दिवसांत कळेल म्हणाले. त्या बोटावर वर दोन आणि खाली दोन खाचा होत्या, कमानीत बसलेल्या. प्रत्येक खाच माझ्या नखाएवढी रुंद. एवढ्या मोठ्या दातांचा उंदीर नसतो, हे मी सर्जनना सांगितलं नाही. त्यांनी पाहिलंच असणार. बघूनही माणूस जे माहीत आहे तेच बोलतो. मीही वहीत महिनाभर तेच करत होते.

नवऱ्याने शेडमध्ये तीन पिंजरे लावले. गॅरेजची वेळ मी रद्द केली. दुसऱ्या कोणाचा हात तिथे घालायला लावणं मला जमेना. विकणं तर नाहीच. त्या सीटवर उद्या कोण बसेल, कोणाचं लेकरू पाय हलवत बसेल, हे डोळ्यांपुढून हटेना.

रविवारी नवरा इस्पितळात आईंजवळ होता. भर दुपारी मी शेडचं दार उघडं टाकलं, दोन दिवे लावले, तोंडाला पट्टी बांधली, कोपरापर्यंत मोजे चढवले. दात तपासायचा लांब दांड्याचा आरसा घेऊन गाडीत आडवी झाले.

आरसा आत घातला, तर धुरकटला. पुसून पुन्हा घातला, पुन्हा धुरकटला. तिसऱ्यांदा मी तो आधी दिव्यावर गरम करून घेतला, आम्ही दवाखान्यात करतो तसा.

थोडंच दिसलं. ओली, फिक्या गुलाबी रंगाची कड. त्यावर दोन पांढरे दात, नवे, करवतीसारख्या कडेचे. नवे दात तसेच असतात, वापराने गुळगुळीत होतात. दातांच्या फटीत पट्टीचा धागा. त्यामागे काही तरी जाड, जडपणे हललं आणि आरशाच्या काचेवर येऊन टेकलं. कोमट. त्याने आरसा चाटला.

आणि मग ते उघडलं. आपण होऊन, आज्ञेत असल्यासारखं, होता होईल तेवढं मोठं. खुर्चीत बसलेली माणसं करतात तसं.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाब्बास."

हे आठवलं की आजही मला स्वतःच्या जिभेची किळस येते.

दवाखान्यातून मी कवळीचं पिवळं प्लास्टर आणलं होतं, पंचवीस किलोची गोणी. ते साध्या प्लास्टरपेक्षा कितीतरी कठीण होतं आणि घट्ट होताना चांगलं तापतं. बादलीत पातळसर कालवलं. बागेच्या पाइपचा तुकडा घेतला, वरच्या टोकाला नरसाळं बसवून डॅशबोर्डवर बांधलं आणि खालचं टोक आत सरकवलं. मला जोर लावावा लागला नाही. पाइप चोखला गेला.

मी ओतत गेले. आतून गिळल्याचा आवाज येत होता. एक घोट, मग थांबणं, मग एक घोट. पहिली बादली गेली. डॅशबोर्डच्या आत एवढी जागाच नाही, मला इंच न् इंच माहीत आहे. दुसरी बादली गेली. तिसरी अर्धी गेल्यावर नरसाळ्यात पातळी थांबली.

मी तळवा डॅशबोर्डवर ठेवला. दहा मिनिटांत प्लास्टिक हाताला सोसेना इतकं तापलं. आतून एकदाच आवाज आला, लहान, प्रश्न विचारल्यासारखा. मी हात काढला नाही. मग ऊब हळूहळू उतरत गेली आणि सगळं दगड झालं.

७

शेजारचं बोट वाचलं. आई पाच आठवड्यांनी घरी आल्या. गाडी गेली म्हटल्यावर एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस," आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. कितीतरी दिवस त्या माझ्याशी तुटक बोलत. मी त्यांचं काही तरी हिरावून घेतलं होतं, आणि ते काय होतं हे आम्हा दोघींनाही उच्चारायचं नव्हतं.

गाडी मी स्वतः पुढे उभी राहून भंगारवाल्याच्या क्रेनला लावून दिली होती. अट एकच घातली होती, की सरळ तोडायची. कोणाला चालवायला द्यायची नाही. आई घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. कागदांवर सही राहिली होती.

शहराबाहेरची मोकळी जागा. दारांचे ढीग, सीटांचे ढीग, टायर. आमची गाडी नुसतं कवच उरली होती. भंगारवाला गुटगुटीत, बोलका माणूस. सही घेऊन झाल्यावर म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीत सिमेंट कोणी ओतलं होतं? डॅशबोर्ड सोडवताना दोन माणसं लागली."

"आत आणखी काय होतं?"

"काय असणार? सगळीकडून रबर चढलं होतं त्याला. सडलेलं, लिबलिबीत. हाताने सोलून काढलं पोरांनी, जेवले नाहीत त्या दिवशी. ते रबर पुरून टाकलं. सिमेंट तिकडे पडलंय. बघायचंय?"

नको, असंच म्हणायला हवं होतं. पण मी साचे ओतणारी बाई. ओतलेला साचा न बघता मी कधी गेलेले नाही.

तो भिंतीशी पडला होता, पिवळा, माझ्या मांडीएवढा जाड आणि पुरुषभर लांब. पाण्याने धुतल्यासारखा स्वच्छ. आतल्या पोकळीचा उलटा ठसा होता तो, आणि उलटे ठसे वाचायची मला सवय आहे. एका टोकाला टाळू, वळ्या, आता सहा दातांचे खळगे. तिथून मागे गळा, आडव्या घड्यांचा. मी नजर त्याच्यावरून हळूहळू सरकवत नेली. मधोमध तो दुभंगला होता. एक फाटा आत, इंजिनाकडे गेला होता आणि तुटला होता. दुसरा फाटा डॅशबोर्डच्या आतून आडवा, दुसऱ्या बाजूला गेला होता.

ड्रायव्हरच्या बाजूला.

त्या टोकाला आणखी एक टाळू होता. लहान. हिरड्या मोकळ्या. खालच्या हिरडीवर दोन उथळ खळगे, अजून न फुटलेल्या, पण अगदी कडेला आलेल्या दातांचे.

महिनाभर मी ओल शोधत होते. शेजारच्या सीटखालचं कार्पेट किती वेळा उचललं, पिळलं, पावडर मारली. स्वतःच्या पायाखालचं एकदाही उचललं नव्हतं.

मी गाडी चप्पल काढून चालवायचे. पेडल तळव्याला कळायला हवं. आणि त्या शेवटच्या महिन्यात माझी टाच, जी दोन वर्षं ठणकत होती, गाडीत बसलं की दुखायची थांबत होती. इंजिनाची ऊब लागते, बरं वाटतं, असं मी समजत होते. नवऱ्याला तसं सांगितलंही होतं.

"काय आहे हो ते, बाई?" भंगारवाल्याने विचारलं.

"माप," मी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. त्याने हात धुवायला नळ दाखवला. मी चपला काढल्या, एक पाय नळाखाली धरला, मग दुसरा. पाणी बर्फासारखं असावं, कारण हात धरला तर बोटं आखडली. पायांना मात्र ते लागतच नव्हतं.